डावीकडची खुर्ची

शहाण्याने चढू नये म्हणतात ती पायरी
मी हातात पत्र घेऊन चढले.
पत्रात होतं: फोल्का यान्सेन, धंदा किल्ल्या बनवणे,
पाच वर्षांसाठी लोकन्यायाधीश.
मला कायदा येत नाही, असं मी कळवलं होतं.
उत्तर आलं: म्हणूनच.

दार उघडलं आणि सगळे उभे राहिले.
मी वळून पाहिलं, कोण येतंय म्हणून.
मागे फक्त दार होतं.

मधे न्यायाधीश विब्का ओल्टमन्स, काळ्या झग्यात.
उजवीकडे ओको, सव्वीस वर्षांचा, गुरांच्या डॉक्टरकडे मदतनीस.
डावीकडे मी, दोनदा धुऊनही हातांना पितळेचा वास.
आम्हा दोघांना झगा नाही.
फाइलही नाही. तीनशे पानं तिच्यापुढे,
आमच्यापुढे पाण्याचा पेला.
इथे जे कानावर पडेल तेवढ्यावरच ठरवायचं.

आरोपी हाउके टामेन. म्हाताऱ्यांच्या घरी जाऊन
आंघोळी घालायचा, पायमोजे चढवायचा,
आणि चार घरांच्या किल्ल्यांच्या नकला करून
रात्री परत यायचा.
चांदीचे चमचे, रोकड, एका गेलेल्या नवऱ्याचं घड्याळ.
"पायमोजे मात्र छान चढवायचा,"
साक्षीदार गेझीना हार्म्स म्हणाल्या, वय चौऱ्याऐंशी.
कोणी विचारलं नव्हतं, तरी पुन्हा म्हणाल्या,
"छान."

मग पुरावा क्रमांक सात हातोहात फिरला:
पारदर्शक पिशवीत एक किल्ली.
लेअर गावात किल्ल्या कापणारी दोनच दुकानं.
मी दात पाहिले, मानेजवळची खरवड पाहिली.
माझ्या यंत्राची नव्हती.
हायसं वाटलं,
आणि त्या हायसं वाटण्याची लाज
जेवणाच्या सुट्टीपर्यंत पुरली.
माझ्याकडे आला असता तर मीही दिली असती कापून,
साडेसहा युरो घेऊन, काही न विचारता.

सरकारी वकिलाने मागितली दोन वर्षं नऊ महिने.
बचावाचा वकील म्हणाला, दोन, आणि तीही स्थगित.
दोन वर्षांपर्यंत शिक्षा स्थगित ठेवता येते,
माणूस संध्याकाळी घरी जेवतो.
त्यावर एक महिना चढला
की आत.
हे मला कोणी समजावून सांगावं लागलं नाही.
अर्धा मिलिमीटर इकडे, कुलूप उघडतं.
तिकडे, नाही.

बंद खोलीत चहा आला.
कपातल्या खडीसाखरेवर तो ओतला तेव्हा खडे तडकले.
आधी सगळ्यात धाकट्याने मत द्यायचं, मग मी,
न्यायाधीश शेवटी.
मोठ्यांनी आधी तोंड उघडलं की धाकटे आवंढा गिळतात,
हे कायद्यालाही ठाऊक आहे.
तिघांत दोघं एक झाले की झालं.
आम्ही दोघं मिळून तिला हरवू शकतो,
हे तिनेच आम्हाला सांगितलं, न हसता.

ओको काय म्हणाला, मी काय म्हणाले,
कोणाचा आवाज चिरकला,
ते सांगायचं नाही. कधीच नाही.
एवढंच सांगते:
साखर संपली, आमचं संपलं नव्हतं.

"जनतेच्या नावाने," ती म्हणाली.
सगळे उभे. जनता म्हणजे त्या घटकेला
ओकोचे शेणाने माखलेले बूट आणि माझे दुखरे गुडघे.
दोन वर्षं तीन महिने.
हाउकेने तिच्याकडे पाहिलंच नाही.
आधी ओकोकडे पाहिलं, मग माझ्याकडे,
जणू कुठला दात कोणी कापला ते शोधतोय.

नोव्हेंबरात गेझीना हार्म्स दुकानात आल्या.
नव्या कुलपाची किल्ली काउंटरवर ठेवली.
हिची एक नक्कल.
"कोणासाठी?"
"आता आंघोळीला एक मुलगी येते.
थंडीत दाराशी उभी ठेवू का तिला?"
मग चष्मा कपाळावर सरकवला.
"तुम्ही उजवीकडे बसला होतात."
त्यांच्या बाजूने उजवीकडेच.
"जास्त झाली का हो त्याला?"

मी यंत्र सुरू केलं.
ते चालू असलं की दुकानात कोणाला काही ऐकू येत नाही.
दात कापून झाले,
तरी थोडा वेळ
मी ते रिकामंच फिरू दिलं.